डोंगरचाफ्याची छाटणी

एकदा एक लोकरी कापडाचा व्यापारी आपले चालते दुकान मुलीच्या हाती सोपवून डोंगरावरच्या आश्रमात शिष्य म्हणून राहायला गेला. त्याचे नाव सोमदत्त. पत्नी निवर्तून बराच काळ लोटला होता, मुलगी उत्तरा कर्ती झाली होती, आणि उरलेले आयुष्य चार चांगल्या गोष्टी ऐकण्यात जावे असे त्याला मनापासून वाटू लागले होते.

आश्रम म्हणजे काही मोठा मठ नव्हता. थोड्या खोल्या, एक स्वयंपाकघर, शिकवण्यासाठी एक लांब पडवी आणि उतारावर टप्प्याटप्प्याने केलेली बाग. तेथील आचार्य वयोवृद्ध होते. ते मोजके बोलत, आणि तेही समोरच्याचे बोलणे खरोखर संपले आहे याची खात्री करून घेऊन. सोमदत्ताला त्यांचा हा स्वभाव फार आवडला, कारण त्यामुळे त्याला स्वतःला भरपूर बोलता येई.

आश्रमात येणाऱ्या प्रत्येकाला आचार्य एक काम नेमून देत. सोमदत्ताला त्यांनी डोंगरचाफ्याचे झाड दिले.

ज्यांनी हे झाड पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. आपल्या अंगणातल्या सोनचाफ्याचे हे थंड मुलखातले नातलग. बागकामाच्या पुस्तकांत या कुळाला मॅग्नोलिया म्हणतात. सोनचाफा बाराही महिने हिरवा असतो. डोंगरचाफा मात्र थंडी पडू लागली की पान न् पान टाकून देतो आणि हिवाळाभर उघडाबोडका उभा राहतो. पुढे फाल्गुनात, एकही पान फुटलेले नसताना, त्या उघड्या फांद्यांवर ओंजळीएवढी पांढरी-गुलाबी फुले उमलतात. पाने त्यानंतर येतात. आश्रमाच्या खालच्या गावात देवळामागे असे एक जुने झाड होते, आणि त्याच्या बहराच्या दिवसांत लोक दुपारचे जेवण बांधून घेऊन त्याच्याखाली जाऊन बसत.

आपले झाड देवळामागच्या झाडाहून सरस करायचे, असे सोमदत्ताने पहिल्याच दिवशी ठरवून टाकले.

झाड तेव्हा कमरेएवढे होते. आचार्यांनी ते दगडी भिंतीच्या पश्चिमेला, वाऱ्याच्या आडोशाला लावलेले होते. "उन्हाळ्यात पाणी द्यावे, बुंध्याशी पालापाचोळा पसरावा, आणि त्याला त्याच्या जागी राहू द्यावे," इतकेच ते म्हणाले.

"समजले," सोमदत्त म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन गेला.

त्याचा हेतू वाईट नव्हता. बुंध्याभोवती हातभर खणून चांगले कुजलेले शेणखत घालावे, असा त्याचा विचार होता. खणताना काही मुळे तुटली. ती बोटासारखी जाड, मऊ आणि ठिसूळ होती. कुदळीचा नुसता धक्का लागला तरी मोडत. सोमदत्ताला वाटले, मुळेच ती, पुन्हा फुटतील. ती फुटायच्या बेतात असतील-नसतील तोच पुढच्या वर्षी त्याने पुन्हा खणले, कारण खताचा काही गुण दिसत नव्हता.

मग त्याच्या लक्षात आले की भिंतीच्या आड झाडाला सकाळचे ऊन मिळत नाही. गावात त्याच्या घराची सगळी कुंडीतली झाडे सकाळच्या उन्हावरच पोसली होती. त्याने दोन मजूर बोलावले, झाड मुळांसकट उपटले आणि पूर्वेच्या कोपऱ्यात मोकळ्यावर नेऊन लावले. आचार्य पडवीत उभे होते. ते म्हणाले, "सोमदत्त, या झाडाला हलवलेले आवडत नाही."

"एकदाच हलवतो आहे, आचार्य. नंतर हात लावणार नाही."

झाड त्यानंतर बराच काळ रुसल्यासारखे होते तेवढेच राहिले. पुढे कसेबसे सावरले, वाढू लागले, पण वाढले ते मनाला येईल तसे. एक फांदी दुसरीवर आडवी, एक भलतीकडेच लांबलेली. व्यापारात आयुष्य गेलेल्या माणसाला घडी विस्कटलेली दिसली की राहवत नाही. पौष महिन्यात झाड उघडे झाले की त्याचा सारा वेडावाकडेपणा डोळ्यांत भरे, आणि सोमदत्त कात्री घेऊन त्याला गोल, नेटके करून टाकी. आचार्य जवळून जात तेव्हा थांबत.

"छाटायचेच असेल तर बहर होऊन गेल्यावर वाळकी काडी तेवढी काढावी."

"हो, आचार्य. फक्त एवढी एक फांदी."

असे बरेच पौष गेले. देवळामागचे झाड दर फाल्गुनात फुलत होते. आश्रमातले झाड दर वैशाखात दाट, हिरवेगार, गोल होई आणि फूल मात्र एकही देत नसे. सोमदत्ताचा जीव मेटाकुटीला आला. तो झाडापुढे उभा राहून त्याच्याशी बोलू लागला. आणखी काय करायचे बाकी ठेवले आहे मी तुझ्यासाठी, असे तो त्याला विचारी. बाकीचे शिष्य त्या बाजूने जायचे टाळू लागले.

झाड सोडले तर त्याच्या जिवाला दुसरा घोर दुकानाचा होता. दुकान त्याने मुलीला दिले होते खरे, पण दर बाजारच्या दिवशी तो खाली उतरून तिथे जाई. मदतीलाच जाई. उत्तरा गिऱ्हाइकाला शाल दाखवू लागली की तो मागून म्हणे, "ती नको, वरच्या फळीवरची दाखव." तिने तागे रंगाप्रमाणे लावले होते, त्याने ते पुन्हा वजनाप्रमाणे लावले, कारण ते आधीपासून तसेच होते. एका बाईने विचारले, ही घोंगडी धुतल्यावर आटेल का. उत्तरा उत्तर द्यायला तोंड उघडते तोच सोमदत्ताने लोकर कशी आटते, का आटते, कोणत्या कुरणातल्या मेंढीची कमी आटते, हे सगळे सांगून टाकले. ती बाई "नंतर येते" म्हणून गेली. उत्तरा आत जाऊन चहा ठेवू लागली.

पुढे पुढे तो आला की ती आपण होऊन गल्ल्यावरून उठे आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून विणत राही. सोमदत्ताला वाटे, पोरीचे कामात लक्ष नाही.

अशाच एका पौषातल्या बाजारच्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, होळी झाली की मी दुकान बंद करणार आहे."

"म्हणजे? कायमचं?"

"कायमचं. मावशीकडे जाते. तिथल्या शाळेत विणकाम शिकवायला बाई हवी आहे. मी हो म्हणायचं ठरवलंय."

"आणि हे दुकान? तुझ्या आजोबांनी सुरू केलेलं?"

"तुम्ही या आणि चालवा."

"मी तुझ्या हाती दिलं आहे ना ते?"

उत्तराने सुया खाली ठेवल्या. तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे सोमदत्ताला अधिकच चमत्कारिक वाटले. "हाती दिलंत, बाबा. पण तुमचा हात काही काढला नाहीत. मला इथे काहीच येत नाही असं आता मलाच वाटायला लागलंय. गिऱ्हाईक आलं की मी आधी दाराकडे बघते, तुम्ही येताय का म्हणून."

सोमदत्त तावातावाने डोंगर चढून आला. ज्यांच्यासाठी हाडाची काडे केली ती दोघेही आपल्यावर उलटली, असे त्याला वाटत होते. घोंगडे बाजूला टाकून त्याने कात्री घेतली आणि थेट झाडाशी गेला. त्या दिवशी त्याचा हात जरा जोरातच चालला. झाडाची उत्तरेकडची बाजू छाटून झाली, खाली काड्यांचा ढीग पडला, तेव्हा त्याला आचार्य शेजारी उभे असलेले दिसले.

"आचार्य, मला समजत नाही," तो म्हणाला. "या झाडासाठी मी काय नाही केले? खत घातले, ऊन मिळवून दिले, वळण लावले. आणि ती उत्तरा. तिला धंद्यातली प्रत्येक खाचखोच मी हाताला धरून शिकवली. झाड फुलत नाही, मुलगी दुकान बंद करायला निघाली. तुम्ही एकदा खाली चला आणि तिला समजावून सांगा. तुमचे ती ऐकेल."

आचार्यांनी ढिगाकडे पाहिले, झाडाकडे पाहिले. "येईन," ते म्हणाले. "पण आपला स्वयंपाकी काही दिवस घरी जातो आहे. तोवर स्वयंपाकघर तू सांभाळ. कात्री तशीच राहू दे, झाडाचे नंतर पाहू."

सोमदत्ताला बरे वाटले. स्वयंपाक त्याला चांगला येत असे. पत्नी गेल्यावर घरी तोच करी. त्याच्या हातच्या डाळीचे तर आश्रमात सगळे नाव घेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चूल पेटवली आणि पाहतो तो आचार्य स्वयंपाकघरात. आजवर त्यांनी तिथे कधी पाऊल टाकले नव्हते. ते चुलीशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "लाकूड थोडे मागे घे."

त्याने लाकूड मागे घेतले.

"इतके नव्हे."

त्याने ते पुढे सरकवले. आचार्यांनी मग स्वतः वाकून ते जिथे आधी होते तिथे ठेवले. भात चढवला तर त्यांनी झाकण उचलून आत पाहिले. ठेवले, पुन्हा उचलले. वाफ निघून गेली आणि भात कच्चट राहिला. कणीक मळून झाली तेव्हा ते म्हणाले, "जरा घट्ट वाटते," आणि पाण्याचा हात लावून पुन्हा मळली. ती सैल झाली. तव्यावरची पोळी त्याने उलटली की ते हळूच पुन्हा उलटत. मसाल्याचा डबा त्यांनी रिकामा करून वेगळ्या क्रमाने भरला. हे सगळे अत्यंत प्रेमाने चालले होते. "तुझ्या हाताला चव आहे," ते म्हणत, "म्हणून तर पाहतो," आणि भाजीत चिमूटभर मीठ टाकत.

पहिल्या दिवशी सोमदत्ताला हा आपला मान वाटला. आचार्य इतका वेळ दुसऱ्या कोणाला देत नसत. पुढे त्याला अवघडल्यासारखे झाले. नंतर तर त्याची सगळी घडीच बिघडली. जिरे कुठे आहे ते सापडेना. मीठ घातले की नाही ते आठवेना, म्हणून तो पुन्हा घाली. इतकी वर्षे हात आपोआप करत आलेल्या गोष्टी करताना तो आता थबके आणि आचार्यांच्या चेहऱ्याकडे पाही. त्याच्या नावाजलेल्या डाळीला एकदा करपल्याचा वास आला आणि एकदा ती इतकी खारट झाली की शिष्यांनी नुसता भात खाल्ला. जेवताना कोणी काही म्हणाले नाही. वाढणाऱ्याला मात्र सगळे कळत होते.

रात्री अंथरुणावर पडल्यावर तो मनात म्हणे, या माणसाला झाले आहे तरी काय? म्हातारपणाने बुद्धी फिरली म्हणावे तर पडवीत शिकवताना शब्द न् शब्द नेमका. आपले काही चुकले आहे का? सांगायचे तर सरळ सांगावे. असे डोक्यावर उभे राहून माणसाला वेड लावण्यात कसला आला आहे उपदेश?

शेवटी एका सकाळी तो फोडणी करत होता. तेल तापले, मोहरी तडतडली, आणि तो हिंगाकडे हात नेतो तोच आचार्यांनी कढई उचलून बाजूला ठेवली. "तेल जरा जास्तच तापले."

सोमदत्ताने झारा ओट्यावर ठेवला.

"आचार्य, लहान तोंडी मोठा घास घेतो, क्षमा असावी. हे स्वयंपाकघर आपण माझ्याकडे दिले आहे की नाही?"

"दिले आहे."

"मग मला एक डाळ तरी माझ्या हाताने पुरी करू द्या. मला हे सगळे येत होते. आपण शेजारी उभे राहता आणि मला येते तेही येईनासे होते. आपण भल्यासाठीच करता हे मला दिसते आहे. पण ते मला आता सोसवत नाही."

दारात पाण्याची घागर घेऊन आलेला एक शिष्य तिथेच थांबला. आचार्यांशी आजवर असे कोणी बोलले नव्हते. आचार्यांनी कढई पुन्हा चुलीवर ठेवली, हात पुसले आणि म्हणाले, "तुझी डाळ होऊ दे. झाल्यावर बागेत ये."

त्या दिवशीची डाळ चांगली झाली. ती झाकून ठेवून सोमदत्त बागेत गेला. आचार्य झाडाखाली त्या छाटलेल्या काड्यांच्या ढिगाशी बसले होते. त्यांनी एक काडी उचलून त्याच्या हातात दिली. तिच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी, मांजराच्या पिलाच्या पंजासारखी केसाळ अशी गाठ होती. अशा गाठी सोमदत्ताने दर पौषात पाहिल्या होत्या. थंडीत फांदीला येणारा काहीतरी फुगवटा असावा, असे तो धरून चालला होता.

"उघड," आचार्य म्हणाले.

त्याने नखाने ते केसाळ आवरण सोलले. आत दुसरे होते. तेही सोलले. त्याच्या आत ओलसर, पांढऱ्या पाकळ्या एकीवर एक घट्ट लपेटलेल्या होत्या. अगदी मध्ये सुईच्या टोकांसारखे केसर. पुरे फूल होते ते, फक्त मिटलेले.

"हे केव्हा झाले असेल?"

"आत्ता, थंडीत," सोमदत्त चाचरत म्हणाला.

"नाही," आचार्य म्हणाले. "हे गेल्या पावसाळ्यात झाले. झाड पानांनी भरलेले असते, तू त्याच्या हिरवेपणावर खूश असतोस, तेव्हा पानांच्या आड ते पुढच्या फाल्गुनाची कळी धरते. मग पाने टाकते आणि सारा हिवाळा ती कळी अंगावर बाळगून उभे राहते. तुला ते रिकामे दिसते. तू येतोस आणि त्याला नीट करतोस. सोमदत्त, सावरल्यापासून हे झाड दर वर्षी फुलायला निघाले होते."

सोमदत्ताने ढिगाकडे पाहिले. जवळजवळ प्रत्येक काडीच्या टोकाला एक केसाळ गाठ होती. तो म्हणाला, आणि त्याच्या स्वरात थोडी चीडही होती, "आपण हे मला आधी का सांगितले नाही?"

"पहिल्या पौषात सांगितले. दुसऱ्यातही सांगितले. तू दर वेळी हो म्हणालास आणि एक फांदी आणखी कापलीस. मला वाटले, तुझ्या कानांनी हे कळण्यासारखे नाही, तर हातांना कळते का पाहावे. म्हणून गेले काही दिवस मी तुझ्यावर तेवढीच माया केली जेवढी तू या झाडावर करतोस. तुझी डाळ मी एकदाही मुद्दाम बिघडवली नाही. मी फक्त तिला तिच्या वेळेने होऊ दिले नाही. तुला तोंड होते, तू बोललास. झाडाला तोंड नाही, म्हणून ते नुसते फुलत नाही."

उत्तराचे नाव त्यांनी काढले नाही. सोमदत्त हातातल्या उघडलेल्या कळीकडे पाहत बसला. तिच्या पाकळ्यांच्या कडा उघड्या हवेने एव्हाना पिवळट पडू लागल्या होत्या. गिऱ्हाईक आले की मी आधी दाराकडे बघते, असे उत्तरा म्हणाली होती. चुलीपाशी उभा असताना तो स्वतः काय करत होता, हे त्याला आता आठवले.

"आपण खाली येणार होतात," तो शेवटी म्हणाला. "उत्तराला समजवायला."

"येतो की. केव्हा निघायचे?"

"नको," सोमदत्त म्हणाला. मग उठता उठता त्याच्या मनात एक कल्पना आली आणि तो उत्साहाने म्हणाला, "आचार्य, हे झाड पुन्हा त्या भिंतीच्या पश्चिमेला नेऊन लावले तर? ती मूळची जागाच योग्य होती."

आचार्यांनी डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर वैताग दिसला.

"सोमदत्त," ते म्हणाले, "ते चुकीच्या जागी लागले आहे, पण आता तिथे रुजले आहे. पुन्हा उपटशील तर पुन्हा मुळे मोडतील. कडाक्याच्या रात्रीनंतर सकाळचे ऊन थेट फुलांवर पडले की ती करपतात, म्हणून मी त्याला भिंतीच्या आड ठेवले होते. आता हवे तर त्याच्यापासून दूर, पूर्वेच्या बांधावर झुडपांची एक ओळ लाव. ती वाढेपर्यंत थोडी फुले जातील. जाऊ देत."

सोमदत्ताने कात्री नेऊन अवजारांच्या खोलीत टांगली. उरलेला हिवाळा त्याला फार जड गेला. काम करण्याची सवय असलेल्या माणसाला न करण्याइतके अवघड काही नसते. तो पालापाचोळा गोळा करून बुंध्याशी पसरी आणि परत फिरे. परत फिरताना वाटेत तीनदा मागे वळून पाही. दक्षिणेकडची ती आडवी फांदी त्याच्या डोळ्यांत काट्यासारखी सले.

दुकानात तर आणखीच कठीण. पुढच्या बाजारच्या दिवशी तो गेला आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसला. हात त्याने घोंगड्याखाली धरून ठेवले होते. उत्तरा गल्ल्यावरून उठली, त्याने मान हलवून तिला बसायला सांगितले. ती बसली, पण थोड्या वेळाने तिने विचारले, "बरं नाही का बाबा?"

"बरा आहे."

त्या दिवशी तिने एका गिऱ्हाइकाला शाल दाखवली, तीही नेमकी खालच्या फळीवरची. सोमदत्ताने जीभ दाताखाली धरली. गिऱ्हाइकाने ती घेतली नाही. पण तो माणूस दाराशी पोहोचतो तोच उत्तरा म्हणाली, "तुमच्या आईंना हवी असेल तर ही हलकी पाहा, वयस्कर माणसांना जड शालीचं खांद्यावर ओझं होतं." तो माणूस परत फिरला. हे वाक्य सोमदत्ताने तिला शिकवलेले नव्हते. एका जुन्या ओळखीच्या बाईने नेहमीप्रमाणे त्यालाच विचारले, "शेठ, यातला कोणता रंग टिकेल?" तो म्हणाला, "तिला विचारा, तिला माहीत आहे." तेव्हा उत्तराने जे त्याच्याकडे पाहिले, ते तो डोंगर चढून येईपर्यंत विसरू शकला नाही. त्यात आनंद नव्हता. एवढा विश्वास ठेवावा की नाही, असा विचार होता.

असेच काही बाजार गेले. एकदा एक मोठे नुकसान त्याच्या डोळ्यांदेखत होऊ घातले होते. उत्तरा ज्या विणकराकडून माल घेत होती तो कच्चा रंग लावी, हे त्याला ठाऊक होते. तो रात्रभर तळमळला. दुसऱ्या बाजारी गेला तर तिने तो सगळा माल परत केलेला होता. पाण्यात बुडवून पाहिला, म्हणाली, रंग उतरला. सोमदत्त "बरं" म्हणाला आणि त्याला एकाच वेळी हायसेही वाटले आणि आपली इतकी वर्षे कशात गेली याचे वाईटही वाटले.

फाल्गुन आला. झाडाच्या गाठींची केसाळ टोपरी एकेक करून गळून पडली आणि एका सकाळी दक्षिणेकडच्या साऱ्या फांद्यांवर फुले उभी राहिली. मोठी, पांढरी, देठाशी गुलाबी. दोन दिवसांनी रात्री कडाक्याची थंडी पडली, सकाळी ऊन थेट आले, आणि निम्म्या फुलांच्या कडा तपकिरी झाल्या. सोमदत्ताने स्वतःवरच दात-ओठ खाल्ले. पण त्यामागून नव्या कळ्या उमलत राहिल्या.

होळीच्या आदल्या दिवशी उत्तरा डोंगर चढून आश्रमात आली. इतक्या वर्षांत ती प्रथमच आली होती. त्याने तिला कधी बोलावलेही नव्हते. "गावात म्हणतात, तुमचं झाड फुललंय," ती म्हणाली. तो तिला बागेत घेऊन गेला. ती बराच वेळ पाहत राहिली. मग झाडाभोवती फिरून पलीकडे गेली. तिकडे फक्त कापलेली टोके होती; एकही फूल नव्हते.

"बाबा, या बाजूला का नाहीत?"

सोमदत्ताजवळ सांगण्यासारखे पुष्कळ होते. कळी केव्हा धरते, ऊन कुठून यावे, मुळे कशी असतात, सगळे त्याला आता पाठ होते.

"त्या बाजूची मी काळजी घेतली होती," तो म्हणाला.

उत्तराने त्याच्याकडे पाहिले. झाडाखालच्या कोरड्या पानांवर ती बसली, तिने बरोबर आणलेला डबा उघडला आणि अर्धी भाकरी मोडून त्याच्यापुढे केली. दोघे जेवले. उठताना ती म्हणाली, "मावशीला अजून काही कळवलेलं नाही मी."

"बरं," सोमदत्त म्हणाला.

तिने दुकान बंद केले नाही. शाली कमी केल्या, मागच्या खोलीत विणकाम शिकवायला सुरुवात केली, तागे पुन्हा रंगाप्रमाणे लावले. हे सारे सोमदत्ताला पटले असे नाही. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी तो एकदा गेला तेव्हा ओसरीवर धुतलेल्या लोकरीचे ओले गठ्ठे पडले होते आणि उत्तरा त्यांच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी होती. तो स्टुलावर जाऊन बसला. बराच वेळ गेला.

"बाबा," ती न वळताच म्हणाली, "ही उन्हात घालू की सावलीत?"

"सावलीत."

ती थोडा वेळ थांबली, तो आणखी काही सांगेल म्हणून. त्याने काही सांगितले नाही. मग तिने एक गठ्ठा उचलला आणि मागच्या पडवीत दोरीवर पसरू लागली.

आपल्या माणसांची काळजी आपण सगळेच घेतो. त्यांच्या कळ्या कोणत्या महिन्यात धरतात, तेवढे आधी पाहून घ्यावे.